कलम धरलं का?

अल्जिअर्स, १४ ऑक्टोबर २००५

मोक्रानदादा,

फोन केला की तू आवाज चढवतोस, मागे आई रडायला लागते आणि मुद्द्याचं बोलायचं राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. निदान पत्राच्या मधे तुला तोंड घालता येणार नाही.

वसंतात मी येऊन अझ्रूच्या उतरणीवरच्या रानजैतुनांची पानं नेली, ते आठवत असेलच. तू दारात बसून "आमच्या डॉक्टरीणबाईंना आता बकऱ्यांचा चारा लागतो" म्हणून शेजाऱ्यांना हसवत होतास. त्या पानांची तपासणी पुरी झाली. प्रत्येक झाडाच्या पेशींत त्याच्या कुळाच्या खुणा असतात. त्या ताडून पाहिल्या की कळतं, कोणतं झाड बागेतून रानात पळालेलं आहे, कोणतं अर्धंमुर्धं, आणि कोणतं अस्सल रानचं. मी आजवर तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक राईत बागेतल्या जैतुनांची भेसळ निघाली. आपल्या उतरणीवरची चाळीसच्या चाळीस झाडं अस्सल निघाली. शिवाय चाळीसही एकमेकांहून वेगळी. मशीनवर ते चित्र उमटलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीभर फिरले, इतका आनंद झाला. उद्या बागांवर एखादा रोग पडला, पाऊस कायमचा कमी झाला, तर टिकायची ताकद कुठून आणायची? अशाच झाडांतून.

आई सांगत होती की येत्या वसंतात तू तिथे कलमं बांधणार आहेस. बांधू नकोस. कलम बांधायला झाडाचं डोकं उडवावं लागतं, आणि डोकं उडवून वर बागेतल्या शेमलाल जातीची काडी चढवली की ते झाड कायमचं गेलं. राई राखीव करावी म्हणून मी वनखात्याकडे अर्ज केला आहे. त्याला वेळ लागेल. तेवढा काळ करवत भिंतीला टांगून ठेव.

दहबिया


इघिल तेझरा, २ नोव्हेंबर

डॉक्टर दहबिया यांस,

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. "भेसळ" म्हटल्यावर तिने मला थांबवलं आणि विचारलं, "ही आपल्याबद्दल बोलतेय का रे?" मी म्हटलं, नाही, अजून तिथवर आली नाही.

शिकलीस, छान झालं. पण गावचा रिवाज विसरलीस, की विसरल्याचं सोंग घेतेस? उतरण गावाची आहे, तिथली रानझाडं कोणाचीच नाहीत. रानटी जैतुनावर जो बागेतली काडी बांधतो आणि ती धरवून दाखवतो, झाड त्याचं. मग खालची जमीन कोणाची का असेना. बाबांनी हेच केलं. घरामागचा थोरला जैतून उभा आहे शेजारच्या बेलाईदच्या जमिनीत, पण बेलाईदने कधी त्याचं एक फळ उचललं? कारण कलम बाबांचं होतं. त्याच्याच तेलात भाकरी बुडवून तू एवढी उंच झालीस.

मला तीन मुलगे आहेत. आहे तेवढ्याची वाटणी केली तर प्रत्येकाला दगड आणि एकेक कुंपण मिळेल. मग जातील मार्सेयला, लोकांची भांडी विसळायला. अझ्रूची झाडं धरली तर तिघे इथे राहतील. तुझ्या उद्याच्या रोगाची काळजी तू कर, मी माझ्या उद्याची करतो.

आणि खरं दुखणं मला ठाऊक आहे. आपल्यात मुलींना वाटणी मिळत नाही, ते तुला परकर नेसायच्या वयापासून बोचतंय. स्वतःला मिळालं नाही, तर भावालाही मिळू नये, सरकारच्या घशात गेलं तरी चालेल. वनखात्याचं कलम कागदावर असतं, माझं झाडावर. बघू कोणतं धरतं ते.

आई म्हणते, पत्रावरून तू वाळल्यासारखी वाटतेस. पत्रावरून हे तिला कसं कळतं, देव जाणे.

मोक्रान


अल्जिअर्स, ९ डिसेंबर

दादा,

हो, बोचतं. बाबा गेले त्या वर्षी तुम्ही सगळे पुरुष एका खोलीत बसून झाडं वाटत होतात आणि मी दाराबाहेर कॉफीचं तबक धरून उभी होते. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण मला वाटणी हवी असती तर मी वकील पाठवला असता. पानं खुडत काट्याकुट्यांतून फिरले नसते.

तुझ्या मुलांचं तू लिहिलंस, ते मला समजतं. तुला वाटतं, हिला पोरंबाळं नाहीत, हिला काय कळणार. सरळ लिहायचं होतंस, आडून कशाला? ऐक. खाली ओढ्याकाठी जी रानजैतुनं आहेत, त्यांत भेसळ निघाली आहे. त्यांवर खुशाल कलमं बांध. मी रजा काढून येते, काड्या धरायला उभी राहते, मुलांना शिकवते. वरची राई तेवढी सोड.

गाव म्हणजे गावसभेत, तजमातीच्या बाकांवर बसणारे दहा म्हातारे नव्हेत, दादा. त्या उतरणीवर आपल्या आजीच्या आजीने सरपण वेचलं असेल. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

उत्तर पाठव. गप्प बसलास तर ते "हो" आहे असं मी धरीन.

दहबिया


इघिल तेझरा, २२ एप्रिल २००६

दहबिया,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला सवड झाली नाही. हातात करवत होती.

ओढ्याकाठ म्हणतेस? ती झाडं बेलाईदच्या पोरांनी मागच्याच वर्षी धरली. तू पानं घेऊन गेलीस आणि मागोमाग त्यांनी करवती काढल्या. "सरकारची मोजणी सुरू झाली, आता उशीर केला तर गेलं सगळं" असं गावभर झालं होतं. ती घाई तू लावलीस. एवढ्या मशीनवर हे दिसलं नाही का?

अझ्रूची चाळीसही झाडं झाली. रस चढायला लागल्याबरोबर मी आणि दोघे थोरले वर गेलो. साल अशी सुटत होती की विचारू नकोस. डोकी उतरवली, काड्या बसवल्या, माती थापली, फडकी बांधली. लांबून पाहिलं तर सगळी उतरण कान दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी फडकी बांधून बसलेली दिसते. आईसुद्धा हसली.

आणि काड्या बाजारातल्या नव्हेत. घरामागच्या थोरल्याच्या. बाबांच्या हातचा शेमलाल. फळ जरा लहान, पण तेल असं की घशाला चटका लावून जातं. एकाच झाडाच्या काड्या चाळीस खुंटांवर. बाबा असते तर पाठ थोपटली असती.

तू म्हणालीस गप्प बसलो तर "हो" धरशील. धर.

मोक्रान


अल्जिअर्स, ५ मे

मोक्रान,

आज "दादा" लिहायला हात वळत नाही.

तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले आणि पोट दुखेपर्यंत रडले. कोणी मेल्यावर रडतात तशी. तू म्हाताऱ्यांच्या फडक्यांचा विनोद केलास, आई हसली, तिला काय ठाऊक. तुला ठाऊक होतं. मी तुला लिहिलं होतं. अडाणी माणसाने केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तू वाचून, समजून, मुद्दाम केलंस. घाईचं खापर माझ्या डोक्यावर फोडतोस? मी पान खुडलं होतं, डोकं नाही.

सोबत बंद पाकीट आहे. ते तजमातीच्या नावे आहे. बाईचं म्हणणं तजमातीत बाईने मांडायचं नसतं, तिच्या जवळच्या पुरुषाने वाचायचं असतं. बाबा नाहीत, नवरा नाही. म्हणजे ते तुलाच वाचावं लागेल. तुझ्याविरुद्धची तक्रार तुझ्याच तोंडून. रिवाज तुला फार प्रिय आहे ना? पाळ.

एक ओळ गाळलीस तरी मला कळेल. गावात माझ्याशी बोलणारं अजून कोणीतरी आहे.

दहबिया


इघिल तेझरा, १८ जून

दहबिया,

वाचलं. शुक्रवारी, सगळ्यांसमोर, उभं राहून. एक ओळही गाळली नाही. "माझ्या भावाने गावाची वस्तू चोरली" ह्या वाक्याला माझा आवाज जरा बसला, तर मागून कोणीतरी ओरडलं, "मोठ्याने रे मोक्रान, चोराचं नाव ऐकू आलं नाही!" लोक पोट धरून हसले. तुझ्या जिवाला थंड वाटो.

मग वाद झाला. मी म्हटलं, रिवाज साफ आहे, कलम ज्याचं झाड त्याचं. तजमातीचे मुखिया, अमीन म्हणाले, "साफ आहे. पण कलम धरलं तर. बांधल्याने झाड तुझं होत नाही, धरल्याने होतं. फडक्याखाली काय आहे, तुला तरी दिसतं का?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी फळ बघा.

त्यावर तुझा तो बेलाईद, कधी नाही तो तोंड उघडता झाला. "फळाची वाट कशाला बघायची? ह्याच्या बहिणीकडे पानावरून कूळ सांगणारं यंत्र आहे म्हणे. तिलाच विचारू. वरच्या फांदीचं पान बापाच्या झाडाशी जुळलं, तर धरलं. नाही जुळलं, तर मोक्रानने नुसती मोडतोड केली, दंड भरावा."

सगळ्यांना पटलं. मला फिर्यादीच्याच हाती तराजू देणं पटलं नाही, तसं मी बोललो. अमीन म्हणाले, "ती तुझी बहीण आहे ना? मग?"

तर शरदात ये आणि पानं घेऊन जा. तजमात तुझ्या कागदाची वाट बघणार आहे. इतकी वर्षं दाराबाहेर उभी होतीस, आता आत खुर्ची मांडली आहे. मजा कर.

घरात उतरायला मी ना म्हणणार नाही. आईसाठी. माझ्याशी बोलायची गरज नाही.

मोक्रान


अल्जिअर्स, २० नोव्हेंबर

मोक्रान,

आपण तीन दिवस एका घरात राहिलो आणि एक शब्द बोललो नाही. तू मीठ मागायलासुद्धा आईकडे बघायचास. घरामागच्या थोरल्याचं पान मात्र तू स्वतः तोडून दिलंस, शेंड्याचं, सगळ्यात चांगलं. तोडताना तुझा चेहरा पाहिला मी. छाती फुगली होती.

आता निकाल. नीट वाच, कारण हा मी तीनदा करून पाहिला आहे.

तुझी कलमं धरली आहेत. तीन काड्या वाळल्या, उरलेल्या सदतीस झाडांवर वरची पानं बाबांच्या झाडाशी खूणन् खूण जुळतात. तुझा हात चांगला आहे, हे मला कबूल करावं लागतंय आणि त्याचा मला राग येतोय.

पण दर तपासणीत आम्ही शेजारी शेमलालचं पान लावतो, ताडून पाहायला. बाबांचं झाड शेमलालशी जुळत नाही. बागेतल्या कोणत्याच जातीशी जुळत नाही. मला वाटलं, पानांची अदलाबदल झाली. पण आईने थोरल्याच्या बुडाशी आलेला फुटवा बकरीसाठी कापला होता, त्याचंही एक पान मी घेतलं होतं. बुडाच्या पानाच्या आणि शेंड्याच्या पानाच्या खुणा एकच आहेत. वर एक आणि खाली एक असं त्या झाडात काही नाहीच. ते कलम नाही, मोक्रान. ते बुडापासून शेंड्यापर्यंत रानजैतून आहे, अझ्रूच्या झाडांचं सख्खं भावंड. बाबांनी बांधलेली काडी कधीतरी मेली असणार, बर्फाने किंवा बकऱ्यांनी. मग खुंटाचा फुटवा वर आला आणि त्याचंच झाड झालं. बाबांना कळलं नसेल. किंवा कळलं असेल आणि ते गप्प बसले असतील. ते यंत्र सांगत नाही.

म्हणजे तू रानटीवर रानटी बांधलंस. तजमातीच्या रिवाजाने ते कलमच नव्हे. राई तुझी झाली नाही. पण माझीही राहिली नाही. चाळीस वेगळी झाडं होती, आता सदतीस खुंटांवर एकच झाड सदतीस वेळा उभं आहे. वेगळेपण उरलं आहे ते फक्त तुझ्या बांधणीच्या खाली, खुंटात. तिथून फुटवे येतील. तू ते पुन्हा छाटलेस तर सगळं संपलं. वाढू दिलेस तर काही वर्षांनी झाडं परत मिळतील. मला एवढंच हवं आहे. दंड नको, माफी नको.

आणि घरामागचं झाड. ते बेलाईदच्या जमिनीत उभं आहे आणि आपलं होतं ते केवळ बाबांच्या कलमामुळे. कलमच नसेल तर ते आपलं नाही. हे मला निकाल हातात आला त्याच क्षणी कळलं. आईचं झाड आहे ते, दर हिवाळ्यात तीच वेचते. मी कितीतरी दिवस कागद टेबलावर उलटा घालून ठेवला होता. थोरल्याचा उल्लेख गाळून नुसतं "कलमं धरली नाहीत" एवढं लिहिता आलं असतं. राई वाचली असती, झाडही राहिलं असतं. पण मग तू चांगला हात असून मोडतोड करणारा ठरला असतास, आणि मी खोट्या कागदावर सही करणारी. पुढे माझ्या कोणत्याही कागदाला काय अर्थ राहिला असता?

ह्याच टपालाने पूर्ण अहवाल अमीनकडे गेला आहे. ते तुलाच वाचायला लावतील.

दहबिया


इघिल तेझरा, १७ डिसेंबर

दहबिया,

लावलंच. थंडी इतकी होती की बाकांवर घोंगड्या घालून बसले होते सगळे. कलमं धरली, इथवर वाचलं तेव्हा माझ्या मुलांनी मागे उभं राहून एकमेकांना कोपरं मारली. पुढचं मी त्याच आवाजात शेवटपर्यंत वाचून काढलं.

घरी येऊन मी थोरल्याच्या बुडाशी उभा राहिलो. लहानपणापासून त्यावर चढलो, पडलो, हात मोडून घेतला. बाबा दर वर्षी पाहुण्यांना तिथे नेऊन सांगायचे, "हे माझ्या हातचं." किती लोकांना सांगितलं असेल! मला त्यांचा राग येत होता, मग तुझा आला, मग परत त्यांचा. शेवटी तुझ्यावर येऊन थांबला, कारण तू जिवंत आहेस.

सभेचं सांगतो. वाचून झाल्यावर अमीननी टकलावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "मोक्रान, तुझं म्हणणं काय? बहिणीचा तुझ्यावर राग आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. रागाने लिहिलं असेल. तू म्हण की मला हा कागद मान्य नाही. आम्ही बाजूला ठेवतो, विषय संपला."

सरळ दार उघडून दिलं त्यांनी. सगळे माझ्याकडे बघत होते. बेलाईद जमिनीकडे बघत होता. माझा धाकटा मागून हळूच म्हणाला, "बाबा, म्हणा ना."

मी म्हटलं, "माझी बहीण खोटं लिहीत नाही. तिला ते जमत असतं तर आमचं इतकं वाकडं आलंच नसतं."

मग ठराव झाला. अझ्रूवर कोणीही करवत न्यायची नाही, बेलाईदच्या पोरांनीही नाही. फुटव्यांना कोणी हात लावायचा नाही. बकऱ्या वर जाऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण घालायचं, आणि ते मी घालायचं. घालतो आहे. माझे दोघे थोरले फ्रान्सच्या व्हिसासाठी कागद गोळा करायला लागले आहेत. तुझी राई वाचली. तुला हवं होतं ते मिळालं, एवढं कबूल कर आणि मला पुन्हा पत्र लिहून त्याचं महत्त्व समजावू नकोस.

थोरला जैतून बेलाईदचा झाला. बेलाईद दारात आला, टोपी काढून. म्हणाला, "म्हातारी आहे तोवर तिनेच वेचावं, मी बघणारसुद्धा नाही." चांगला माणूस आहे, इतकी वर्षं त्याला शिव्या दिल्या. पण आई मागच्या दाराला गेली नाही. फळं जमिनीवर पडून काळी झाली आहेत. मागचं दार तिने आतून लावून घेतलं आहे आणि पाणी आणायला पुढून वळसा घालून जाते.

काल भाकरी थापता थापता तिने मला विचारलं. "तिला माहीत होतं का रे? तो कागद पाठवला की माझं झाड जाईल, हे तिला पाठवण्याआधी माहीत होतं का?"

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, "नाही आई. तिला फक्त उतरणीवरच्या झाडांचं माहीत होतं. बेलाईदच्या जमिनीचं ती विसरली होती. शहरात राहून माणसं विसरतात."

ती म्हणाली, "मला वाटलंच. माहीत असतं तर पाठवला नसता तिने." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

तर आता हे असं आहे. मी तुझ्यासाठी खोटं बोललो, तुझं आणि माझं काही मिटलं म्हणून नव्हे. आईला झाड आणि मुलगी दोन्ही गमवावी लागू नयेत म्हणून. ईदला ती तुझी वाट बघणार आहे. तुला विचारेल, आणि डोळ्यांत बघून विचारेल. तेव्हा तू म्हणायचं, मला माहीत नव्हतं. बस, तीन शब्द.

तेवढं जमणार नसेल, तर येऊ नकोस.

मोक्रान